बोटीचा विमा: खोट्या आणि फुगवलेल्या दाव्यांचा भार हप्त्यात नेमका कसा येतो?

सुकाणू (धागाकर्ता)

नूतनीकरणाची नोटीस येते. वर्षभरात एकही दावा केलेला नसतो, तरी हप्ता वाढलेला असतो. विचारलं तर "फसवणूक फार वाढली आहे" एवढंच उत्तर मिळतं. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. फसवणुकीचा पैसा कोणत्या वाटेने आपल्या हप्त्यात येतो, ते एकदा आकड्यांत मांडू. आकडे उदाहरणादाखल घेतलेत.

समजा एका कंपनीकडे एकाच प्रकारच्या २,००० बोटी आहेत आणि प्रत्येकीची विमा रक्कम १०० एकक आहे. वर्षभराचे खरे दावे मिळून २,४०० एकक, म्हणजे दर बोटीमागे १.२. हप्त्यातले ६० टक्के दाव्यांसाठी आणि ४० टक्के दलाली, कार्यालय, पुनर्विमा (कंपनीने स्वतः घेतलेला विमा) व नफ्यासाठी धरले, तर १.२ भागिले ०.६ म्हणजे हप्ता २ एकक.

आता कुणी एकाने बोट मुद्दाम बुडवून १०० एकक घेतले. दर बोटीमागे ०.०५ वाढले, ते भागिले ०.६, म्हणजे हप्ता साधारण २.०८. वाढ चार टक्के.

दुसरं उदाहरण. कुणीच बोट बुडवली नाही, पण सगळ्या दाव्यांत मिळून दहा टक्के फुगवटा आला. आधीच तडकलेलं जेलकोट (बोटीचा बाहेरचा चकचकीत थर), आधीच मरायला टेकलेली बॅटरी, न हरवलेली दोन-चार उपकरणं. फुगवटा २४० एकक आणि हप्ता २.२. वाढ सरळ दहा टक्के, म्हणजे जवळपास अडीच बोटी बुडवल्याइतकी.

माझं म्हणणं एवढंच आहे. बातमी बुडवलेल्या बोटीची होते, पण हप्ता जास्त वाढतो तो फुगवलेल्या बिलांनी. आणि फुगवणाऱ्याला आपण फसवणूक करतोय असं वाटतही नाही. "इतकी वर्षं हप्ते भरले, थोडं परत घेतलं तर काय बिघडलं" हा विचार सर्रास दिसतो. त्या वर्षांचं संरक्षण तो वापरून झालेला असतो, हे मात्र विसरलं जातं.

ओहोटी

गणित पटलं. एक भर घालतो: गट लहान असला की चित्र उलटतं. तुमच्याच आकड्यांत २,००० ऐवजी २०० बोटी घ्या. एका खोट्या बुडण्याचे १०० एकक म्हणजे दर बोटीमागे ०.५, आणि हप्ता २ वरून २.८३ वर. म्हणून जुन्या लाकडी बोटी, अति वेगवान बोटी किंवा एखाद्याच डिझाइनच्या बोटी अशा छोट्या गटांत एक-दोन संशयास्पद दावे आले की कंपनी हप्ता वाढवत बसत नाही, तो गटच घ्यायचं बंद करते. उरलेल्या मालकांना मग फक्त तृतीय पक्ष दायित्वाची (दुसऱ्याच्या नुकसानीपुरती) पॉलिसी मिळते.

पण सगळं खापर फसवणुकीवर फोडायला माझा विरोध आहे. वादळं, दुरुस्तीची मजुरी, इंजिनांच्या किमती आणि पुनर्विम्याचे दर यांचा वाटा बऱ्याच ठिकाणी मोठा असतो. २०१२ च्या सँडी वादळात अमेरिकेत ६५,००० हून अधिक खासगी बोटींचं नुकसान झाल्याचा अंदाज बोटयूएस या बोटमालकांच्या संस्थेने दिला होता. असा एक फटका बसला की पुनर्विमा महागतो आणि ज्या किनाऱ्यावर ते वादळ पोचलंही नाही, तिथल्या मालकाचाही हप्ता वाढतो. शिवाय दर ठरवताना अंडररायटर (कंपनीत जोखीम तोलून हप्ता ठरवणारा) सहसा मागच्या काही वर्षांचे दावे एकत्र पाहतो. आज पकडलेल्या खोट्या दाव्याचा फायदा पुढच्याच नोटिशीत दिसेल अशी अपेक्षा धरू नका.

बिल्ज_आणि_बॅटरी

मूरिंगवर (बांधून ठेवलेल्या जागी) "आपोआप" बुडालेल्या बोटींबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त संशय इथेच घेतला जातो आणि यातले कित्येक दावे खरे असतात.

पाणरेषेखाली ६० सेंटिमीटरवर ५० मिलिमीटरचं भोक पडलं तर सूत्रानुसार मिनिटाला ४०० लिटरच्या वर पाणी येतं. काठावरचा अडथळा धरला तर २५० च्या आसपास. आता पंप बघा. २,००० गॅलन ताशी असं लिहिलेला अमेरिकन बिल्ज पंप (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा) म्हणजे मिनिटाला सुमारे १२५ लिटर, तेही उंची आणि नळी न धरता. पाणी मीटरभर वर चढवायचं, नळीला वळणं, त्यात बॅटरी उतरलेली, म्हणजे हातात निम्मं पडतं. सीकॉकची (बोटीच्या तळातल्या छिद्रावरच्या झडपेची) नळी निसटली तर कोणताही नेहमीचा पंप बोट वाचवू शकत नाही.

सावकाश गळती वेगळी. स्टफिंग बॉक्समधून (पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथलं सील) किंवा कॉकपिटच्या निचऱ्याच्या नळीतून मिनिटाला ५ लिटर येतात असं धरा. पंप प्रत्यक्ष ६० लिटर उपसत असेल तर तो दिवसाला दोन तास चालेल. ८ अँपिअरने दिवसाला १६ अँपिअर-तास खर्च. १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीतून निम्मेच वापरण्याजोगे, म्हणजे तीन दिवस. चौथ्या दिवशी पंप थांबतो. पाचव्या दिवशी मालक सांगतो, "आठवड्यापूर्वी बोट कोरडी होती." तो खरंच बोलत असतो, पण कागदावर ते संशयास्पद दिसतं.

बोट वर काढल्यावर सर्व्हेअर (नुकसान तपासणारा तज्ज्ञ) साधारण हे बघतो:

- प्रत्येक सीकॉकचं हँडल उघडं की बंद, आणि ते नेहमीच्या वापरात फिरणारं आहे की नाही.
- नळीचं टोक कसं आहे. वय झालेली नळी भेगाळते, कडक होते, सालपट निघाल्यासारखी फाटते. सुरीने कापलेली कड सपाट असते.
- क्लॅम्प गंजून तुटलाय की स्क्रू सैल करून काढलाय. स्क्रूच्या खाचेत ताजी चमक दिसते. क्लॅम्प जिथे बसत होता, तिथे नळीवर त्याचा ठसा राहतो.
- तुटलेल्या धातूचा पृष्ठभाग. जुन्या भेगेत मळ आणि गंज असतो, ताजी मोड उजळ असते. पितळी फिटिंगमधला जस्त निघून गेला असेल तर धातू गुलाबीसर आणि ठिसूळ दिसतो. म्हणजे ती झीज आहे, घातपात नाही.
- बॅटरी स्विच, फ्यूज आणि फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप सुरू करणारा). पंपाचा स्विच हाताने बंद केलेला आढळला तर त्याचं कारण विचारलं जातं.
- आत काय नाही. चार्टप्लॉटर (नकाशावर मार्ग दाखवणारं यंत्र), रेडिओ, कपडे, कागदपत्रं बुडण्याआधीच काढलेली असतील तर बाकी सगळं पुन्हा तपासलं जातं.

यातली बहुतेक खूण बोट उचलताना, धुताना आणि "जरा आवरताना" पुसली जाते. म्हणून उचलण्याआधी, उचलताना आणि पाणी उपसल्यावर लगेच असे तीन वेळा फोटो काढा. तुटलेली नळी, क्लॅम्प, इम्पेलर काहीही फेकू नका. पिशवीत घालून तारीख लिहून ठेवा.

शिडवाला

कील (बोटीच्या तळाखालचा जड कणा) आपटल्याच्या दाव्यांत फुगवटा खूप असतो आणि तो सहज पकडलाही जातो, त्यामुळे भर घालतो.

पंखासारख्या फिन कीलची शिडाची बोट खडकावर आदळली की कीलच्या पुढच्या कडेला खाली खड्डा पडतो आणि कील मागच्या बाजूने वर रेटली जाते. म्हणून खरं नुकसान बऱ्याचदा आतून, कीलच्या मागच्या टोकापाशी सापडतं: फ्रेमचा सांधा सुटलेला, लॅमिनेट (फायबरग्लासचे थर) चिरडलेलं. खालच्या कडेला ओरखडाही नाही आणि दाव्यात कीलचे सगळे बोल्ट बदलायला मागितले, तर सर्व्हेअर बोल्ट काढूनच बघतो. बोल्टवरचा खोल गंज एका दिवसात येत नाही.

जेलकोटच्या ताऱ्यासारख्या चिरा रेलिंगच्या खांबाभोवती असतील तर त्या सहसा वर्षानुवर्षांच्या ताणाच्या. भिंगाने पाहिलं तर आत मळ दिसतो. तळावरचे ऑस्मोसिसचे (फायबरग्लासमध्ये हळूहळू पाणी मुरून येणारे) फोड अपघाताने येत नाहीत.

विजेचे दावे मात्र नाजूक. वीज खरंच पडली असेल तर डोलकाठीवरचा व्हीएचएफ रेडिओचा अँटेना उडालेला किंवा वितळलेला, धातूवर खड्डे, कधी पाणरेषेजवळ जळक्या बारीक छिद्रांची रांग अशा खुणा मिळतात. पण शेजारच्या बोटीवर वीज पडूनही आपली उपकरणं जातात, आणि काही तर आठवड्यांनी बंद पडतात. तेव्हा दावा केला की "आता जुनं सामान खपवतोय" असं वाटतं. उपाय एकच: वीज पडल्याचं त्याच दिवशी कळवायचं, प्रत्येक उपकरण चालवून यादी करायची, होकायंत्राची चूक तपासायची आणि "काही उपकरणं नंतर निकामी होऊ शकतात" असं पहिल्याच पत्रात लिहायचं. बोट पाण्याबाहेर काढून थ्रू-हल (बोटीच्या कवचातून आरपार जाणारी फिटिंग) तपासून घ्या. ते दाव्यासाठी नंतर, बोट तरंगती ठेवण्यासाठी आधी.

नवी_होडी

माहितीपूर्ण धागा. एक शंका आहे. दुरुस्तीची काही यार्ड "डिडक्टिबलची काळजी करू नका, ते आम्ही बिलात जिरवतो" असं सांगतात (डिडक्टिबल म्हणजे दाव्यातला मालकाने स्वतः भरायचा भाग). मालकाने काही खोटं सांगितलेलं नसतं. मग हीदेखील फसवणूक धरायची का?

सुकाणू

@नवी_होडी, हो. आणि वर मांडलेला फुगवटा असाही येतो. काम ८ एककांचं, डिडक्टिबल २. कंपनीने ६ द्यायला हवेत. यार्ड बिल १० चं करतं, कंपनी ८ देते, मालक शून्य भरतो. त्या बिलावर मालकाची सही असते, म्हणजे खोटा आकडा त्याच्या नावाने गेला. शिवाय बिलात ते २ एकक कुठेतरी लपवावे लागतात. न लावलेला भाग लावला असं दाखवतात किंवा मजुरीचे तास वाढवतात. पुढच्या अपघातात तोच "बदललेला" भाग जुना निघाला की दोन्ही दावे उघडे पडतात.

यार्डकडे बिलाची फोड मागा: तास, दर, भागांचे क्रमांक, रेझिन आणि कापड किती, बोट उचलण्याचा खर्च वेगळा. काढलेले जुने भाग परत मागा. हे मागितलं की फुगवण्याचं धाडस कमी होतं. लहान नुकसानीत दावा करायचाच का, हेही आधी तपासा. डिडक्टिबल १ आणि नुकसान १.६ असेल तर हातात ०.६ येतात. २ एककांच्या हप्त्यावर २५ टक्के दावा-नाही सवलत असेल आणि ती गेली, तर पहिल्याच वर्षी ०.५ जातात. सवलत परत मिळायला दोन वर्षं लागली तरी तोटाच.

कलम_पंचावन्न

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण लोक "फसवणूक", "माहिती लपवणं" आणि "झीज" या तिन्हींची सरमिसळ करतात.

बऱ्याच देशांचे सागरी विम्याचे कायदे इंग्लंडच्या १९०६ च्या मरीन इन्शुरन्स अ‍ॅक्टवर बेतलेले आहेत. भारताचा १९६३ चा कायदाही त्याच वळणाचा. १९०६ च्या कायद्याचं ५५ वं कलम सांगतं की विमेदाराच्या जाणूनबुजून केलेल्या गैरकृत्यामुळे झालेली हानी विमाकर्ता देत नाही. नेहमीची झीज आणि गळतीही, पॉलिसीत वेगळं लिहिलेलं नसेल तर, देत नाही. दावा झिजेमुळे नाकारला याचा अर्थ मालकाला चोर ठरवलं असा होत नाही. नकाराचं पत्र नीट वाचा, कारण कोणतं दिलंय ते बघा.

७८ व्या कलमानुसार हानी टाळण्यासाठी आणि कमी करण्यासाठी वाजवी उपाय करणं हे विमेदाराचं कर्तव्य आहे. "सर्व्हेअर येईपर्यंत हात लावणार नाही" हा हट्ट त्यामुळे उलटू शकतो. पाणी उपसा, बोट सुरक्षित करा. खुणा जपायच्या त्या फोटोंनी आणि भाग सांभाळून.

ब्रिटनचा २०१५ चा इन्शुरन्स अ‍ॅक्ट, जो ऑगस्ट २०१६ मध्ये लागू झाला, त्याचं १२ वं कलम कडक आहे. दावा फसवा ठरला तर कंपनी तो संपूर्ण नाकारू शकते, त्यावर दिलेले पैसे परत मागू शकते आणि त्या कृत्याच्या तारखेपासून करार संपल्याचं कळवू शकते. हप्ता परत करायचीही गरज नाही. म्हणजे ८ एककांच्या खऱ्या नुकसानीत २ खोटे मिसळले तर खरे ८ सुद्धा जातात.

याच विषयावर २०१६ चा ब्रिटिश सर्वोच्च न्यायालयाचा व्हर्सलूट ड्रेजिंग निकाल वाचण्यासारखा आहे. डीसी मर्वस्टोन या जहाजाच्या इंजिनखोलीत जानेवारी २०१० मध्ये पाणी शिरलं. आणीबाणीच्या फायर पंपात राहिलेलं समुद्राचं पाणी गोठून कवच तडकलं होतं. दावा सुमारे ३२ लाख युरोंचा आणि मुळात खरा. पण मालकांच्या बाजूने, बिल्ज अलार्म वाजला होता आणि खलाशांनी तो जहाजाच्या हेलकाव्यांमुळे समजून दुर्लक्षिला, अशी आधार नसलेली हकिकत सांगितली गेली. खालच्या दोन न्यायालयांत दावा बुडाला. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितलं की ज्या खोट्याने दाव्याच्या हक्कावर काहीच फरक पडत नाही, त्यापायी खरा दावा जाऊ नये. निकाल मालकांच्या बाजूने लागला, पण सहा वर्षांनी. "मला माहीत नाही" हे उत्तर पहिल्या दिवशी दिलं असतं तर एवढं झालं नसतं. शिवाय हा ब्रिटनचा नियम आहे. तुमच्या पॉलिसीला कोणत्या देशाचा कायदा लागू आहे, ते आधी बघा.

ओहोटी

@कलम_पंचावन्न, ब्रिलांते व्हिर्तुओसोचं नाव या चर्चेत कुणीतरी काढेलच. २०११ मध्ये एडनजवळ चाच्यांनी पेटवल्याचा दावा झालेला तेलवाहू टँकर. २०१९ मध्ये लंडनच्या न्यायालयाने ते सगळं मालकाच्या संगनमताने घडवलं होतं असा निष्कर्ष काढला. जहाजाची पाहणी केलेले सर्व्हेअर डेव्हिड मॉकेट एडनमध्ये गाडीत पेरलेल्या बॉम्बने मारले गेले, म्हणून ते प्रकरण विसरता येत नाही. पण आठ-दहा मीटरच्या बोटीचा हप्ता त्याने थेट ठरत नाही. मोठ्या जहाजांचे आणि खासगी बोटींचे गट वेगळे असतात.

ट्रान्सम_लॉक

चोरीचे दावे राहिले. खोट्या चोऱ्यांमुळे कंपन्या आता खऱ्या चोरीतही बरंच मागतात, तेव्हा ते आधीच तयार ठेवा.

हल क्रमांक (बोटीच्या कवचावरचा ओळख क्रमांक) १२ अक्षर-अंकांचा असतो, ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या सपाट भागाच्या) उजव्या बाजूला वर. अमेरिकेत नोव्हेंबर १९७२ पासून बांधलेल्या बोटींना तो सक्तीचा आहे, आणि ऑगस्ट १९८४ पासून दुसरी प्रत बोटीत दडवलेल्या जागी असावी लागते. युरोपातल्या क्रमांकाच्या पुढे देशाचा संकेत येतो. त्याचा फोटो आणि पेन्सिल घासून कागदावर घेतलेला ठसा, दोन्ही ठेवा. आउटबोर्डचा (बोटीबाहेर मागे लावलेल्या इंजिनाचा) क्रमांक ब्रॅकेटवरच्या पट्टीवर असतो आणि बऱ्याच इंजिनांच्या ब्लॉकवर गोल धातूच्या चकतीवरही कोरलेला असतो. पट्टी सहज निघते, चकती नाही. दोन्हींचे फोटो हवेत.

आधुनिक इंजिनचा कॉम्प्युटर चाललेले तास आणि बिघाडांच्या नोंदी साठवतो. चार्टप्लॉटरमध्ये मार्ग राहतो, एआयएस (बोटीचं ठिकाण रेडिओने प्रसारित करणारी यंत्रणा) असेल तर तो किनाऱ्यावरही नोंदला जातो. कंपनी हे तपासते. बोट खासगी पॉलिसीवर भाड्याने दिली जात असेल, तर तेही इथेच उघडं होतं, आणि मग अगदी खरा दावासुद्धा चुकीच्या माहितीवर अडतो. वापर बदलला की आधी कळवा. हप्ता थोडा वाढेल, पण पॉलिसी खरी राहील.

बिल्ज_आणि_बॅटरी

ठरलेल्या किमतीबद्दल कुणी बोललं नाही. पॉलिसी दोन तऱ्हेची: विमा घेतानाच ठरलेली किंमत किंवा त्या दिवसाची बाजारभावाची किंमत. ठरलेली किंमत बाजारभावाच्या बरीच वर राहिली की बोट तरंगण्यापेक्षा बुडालेली जास्त मोलाची ठरते. कंपनी अशा बोटी वेगळ्या काढते आणि ठरावीक वयानंतर नवं सर्व्हे मागते. त्या सर्व्हेचा खर्च प्रामाणिक मालकालाही पडतो. फसवणुकीचा हा भार नोटिशीवर छापलेला नसतो. दर नूतनीकरणाला बाजारभाव पाहून रक्कम खाली आणा. हप्ता कमी होतो आणि दाव्याच्या वेळी पहिला संशयही टळतो.

बुडालेल्या इंजिनाबद्दल, कारण इथे खरं नुकसान दुर्लक्षाने दुप्पट होतं आणि मग फुगवल्यासारखं दिसतं. खाऱ्या पाण्यातून वर आलं की हवेत गंज तासांत सुरू होतो. बॅटरी तोडा. स्टार्टर मारू नका, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजेक्टर किंवा स्पार्क प्लग काढा, गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा, इंजिन हाताने फिरवून पाणी काढा, तेल बदला, सिलिंडरमध्ये तेल किंवा डिझेल घालून पुन्हा फिरवा. मेकॅनिक लगेच येणार नसेल तर इंजिन उघडं सोडू नका. कोणत्या वेळी काय केलं हे लिहून ठेवा. वाचवण्याचा वाजवी खर्च बहुतेक हल पॉलिसीत मिळतो.

नवी_होडी

शेवटचा प्रश्न. दावा खरा असूनही कंपनीने "चौकशी चालू आहे" म्हणून अडवला तर?

कलम_पंचावन्न

"हक्क राखून" असं पत्र आलं तर घाबरू नका, तो नकार नाही. लेखी विचारा की शंका नेमकी कशाची आहे: कारणाची, रकमेची की माहिती लपवल्याची. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. न मिळाल्यास स्वतःचा स्वतंत्र सर्व्हेअर नेमा आणि कंपनीच्या माणसासमोर एकत्र पाहणी ठेवा. भाग तपासणीला देताना पावती घ्या. प्रयोगशाळेत कापून तपासणार असतील तर त्याआधी लेखी संमती आणि फोटो घ्या, कारण कापल्यावर तो पुरावा परत जोडता येत नाही. फोनवर अंदाज सांगू नका. ठाऊक नसलेल्या गोष्टीला "ठाऊक नाही" असंच उत्तर लेखी द्या. मुदतीत निर्णय आला नाही तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि मग विमा लोकपाल किंवा नियामकाकडे जा. बऱ्याच ठिकाणी पहिली पायरी गाळली तर तक्रार घेतच नाहीत.